बोअरचं पाणी खारं आहे, पण समुद्राचं नाही! खारपाणपट्ट्यात कार्डिनल मासा पाळण्याआधी हे वाचा

अकोला / अमरावती : दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या या तालुक्यांत बोअरला खारं पाणी लागणं नवीन नाही. त्यात मोबाइलवर काळ्या-चंदेरी पट्ट्यांच्या कार्डिनल माशाचा व्हिडिओ पाहिला की साहजिकच प्रश्न पडतो. समुद्रातला मासा खाऱ्या पाण्यात राहतो, अन् आपल्याकडं खारं पाणी फुकट आहे. मग तेच टाकीत भरून मासा सोडला तर काय बिघडलं?

उत्तर सरळ आहे. मासा जगत नाही. पैसे जातात ते वेगळेच.

खारं आणि खारं यात फरक काय?

पाण्यात विरघळलेले क्षार टीडीएस मीटरवर मोजतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार चांगले मानले जातात. दुसरी सोय नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतात. समजा तुमच्या बोअरचा आकडा 3,000 आला. तोंडात धरवत नाही असं ते पाणी. पण समुद्राच्या पाण्याचा आकडा सुमारे 35,000 असतो, म्हणजे लिटरमागे 35 ग्रॅम. समुद्री माशासाठी तुमचं बोअरचं पाणी जवळपास गोडंच आहे.

समुद्री माशाचं शरीर सतत पाणी गमावत असतं. म्हणून तो समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. कमी क्षाराच्या पाण्यात सगळं उलटं होतं. पाणी शरीरात शिरतं आणि मिठाचा तोल बिघडतो.

मग बोअरच्या पाण्यात खडे मीठ टाकून आकडा 35,000 वर नेला तर? तेही चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम ठरावीक प्रमाणात असतात. आपल्या भूजलात सोडियम जास्त असतं, बाकीचा तोल जुळत नाही. हरियाणात जमिनीतल्या खाऱ्या पाण्यावर कोळंबी पाळतात, तिथंही पोटॅश वरून घालावं लागतं.

हा मासा आहे तरी कसा?

कार्डिनल माशांच्या शेकडो जाती आहेत. सर्वांत प्रसिद्ध बांगाई कार्डिनल. लांबी जेमतेम 8 सेंटिमीटर. तो मूळचा इंडोनेशियातल्या बांगाई बेटांजवळचा. मादीनं घातलेली अंडी नर तोंडात धरतो. सुमारे 20 दिवसांनी पिल्लं निघतात, तरी आणखी आठ-दहा दिवस ती बापाच्या तोंडातच राहतात. तेवढे दिवस नर काही खात नाही.

एका वेळी अंडी थोडीच, काही डझन. त्यात शौकिनांसाठी वर्षाला लाखोंनी हे मासे पकडले गेले. 2007 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेनं, म्हणजे आययूसीएननं, या माशाची नोंद धोक्यातल्या प्रजातींत केली. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न विचारा : मासा हॅचरीत तयार झालेला आहे की समुद्रातून पकडलेला? हॅचरीतला मासा टाकीतल्या जगण्याला सरावलेला असतो, आणि तो घेतला तर समुद्रातला मासा वाचतो.

पाणी असं तयार करा

अकोल्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेनं जवळपास 580 किलोमीटर. त्यामुळं पाणी घरीच बनवावं लागतं.

• आरओचं पाणी घ्या, पण मीटर लावून तपासा. पिण्याच्या जारमध्ये चवीसाठी थोडे क्षार ठेवलेले असतात. टाकीसाठी आकडा शून्याच्या जितका जवळ तितका बरा.
• मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ वापरा. 100 लिटरला साधारण साडेतीन ते चार किलो लागतं. स्वयंपाकाचं मीठ नको.
• पाण्याची घनता 1.023 ते 1.026 च्या दरम्यान ठेवा. ती रिफ्रॅक्टोमीटरवर मोजतात.
• पाणी आटलं की वरून आरओचं गोडं पाणीच घाला, खारं नाही. वाफ फक्त पाण्याची होते, मीठ टाकीतच राहतं. उन्हाळ्यात आपल्या शेतात पाणी उडून मातीवर पांढरा थर येतो, तसंच हे.

पहिला महिना मासा नको

माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो माशाला विषारी असतो. फिल्टरमधले सूक्ष्म जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू वाढायला 4 ते 6 आठवडे लागतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले की मगच मासा आणा. 100 ते 120 लिटरच्या टाकीत जुळलेली एकच जोडी ठेवा. दोन नर एकत्र आले की भांडून एक मरतो.

हा मासा कोरडं खाद्य बऱ्याचदा नाकारतो. त्याला गोठवलेली बारीक कोळंबी किंवा आर्टेमिया लागते, म्हणजे घरी फ्रीज हवा. दुकानात तुमच्यासमोर खाणारा मासाच घ्या.

खरी परीक्षा मे महिन्यात

या माशाला 24 ते 27 अंश तापमान मानवतं. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. पाण्यावर पंखा लावला तर तापमान दोन-तीन अंश उतरतं, पण तेवढ्यानं भागत नाही. चिलर किंवा एसीची खोली लागते. त्यात लाइट गेली की पाण्यातला प्राणवायू कमी होतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात हवाच. हा खर्च जमत नसेल तर मासा आणू नका.

हे विकत घेऊ नका

टाकी सजवायला खरं प्रवाळ कुणी देत असेल तर हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार प्रवाळ अनुसूची 1 मध्ये आहे. विकणारा आणि घेणारा दोघंही अडचणीत येतात. सिरॅमिकचे किंवा कृत्रिम दगड वापरा.

टाकीतलं बदललेलं पाणी शेतात, विहिरीजवळ किंवा झाडाच्या बुडाशी टाकू नका. खारपाणपट्ट्यातल्या जमिनीत क्षार आधीच जास्त आहेत.

मग बोअरच्या पाण्यात कोण जगेल?

गप्पी! आरोग्य विभाग डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडतो तोच मासा. तो थोडं खारं पाणी सहन करतो, उन्हाळाही काढतो. घरच्या पाण्यात आधी दोन-तीनच सोडून पाहा. टिकले तर वाढवा. वर्षभर गप्पी नीट सांभाळता आले, टाकीची रोजची कामं अंगवळणी पडली, की मग समुद्री टाकीचा विचार करा. तेव्हाही सुरुवात हॅचरीतल्या क्लाउन माशापासून केलेली बरी, कारण तो कोरडं खाद्य सहज खातो. कार्डिनल त्याच्यानंतर.