सॅन स्विच लावताना: केबल सोपी, झोनिंग जपून

ऐकताना कमांड टिपायच्या राहिल्या असतील, तर हा भाग आता वाचा.

मोठ्या कंपनीचा डेटा सहसा वेगळ्या स्टोरेजमध्ये असतो. सर्व्हर आणि स्टोरेज यांच्यामधला रस्ता म्हणजे सॅन, आणि त्यावरचा चौक म्हणजे फायबर चॅनल स्विच. समोरच्या पोर्टकडे जागा आहे हे कळल्याशिवाय इथे फ्रेम सुटतच नाही. याला बफर क्रेडिट म्हणतात.

आपण ब्रोकेडचं उदाहरण घेऊ. आधी सिरीयल केबल लावा, वेग ९६०० बॉड. नव्या स्विचवर बहुधा १०.७७.७७.७७ हा आयपी असतो. ‘आयपीॲड्रसेट’ने तो बदला, आणि पासवर्डही लगेच बदला. मग डोमेन आयडी द्या, १ ते २३९ मधला. एकाच फॅब्रिकमध्ये दोन स्विचचा आयडी सारखा आला तर ते जोडले जात नाहीत.

आता केबल. एसएफपी बसवा, फायबरचं टोक पुसून घ्या, आणि त्यात डोळा घालून बघू नका. आत लेझर असतो. ३२ जीबीच्या वेगाला ओएम४ केबल १०० मीटरपर्यंत चालते. स्विच दोन घ्यायचे, फॅब्रिक ए आणि फॅब्रिक बी. प्रत्येक सर्व्हरची एक केबल एकात, दुसरी दुसऱ्यात. पण हे दोन स्विच एकमेकांना जोडायचे नाहीत! नाहीतर एकाची चूक दुसऱ्यातही पसरते.

‘स्विचशो’ मारलं की कुठल्या पोर्टवर कोण आलंय ते दिसतं. प्रत्येकाची ओळख म्हणजे १६ अंकांचा डब्ल्यूडब्ल्यूएन. त्यावरून झोन करा: सर्व्हरचा एक पोर्ट आणि त्याला लागणारे स्टोरेजचे पोर्ट, बस्स. एका सर्व्हरला दुसऱ्याची डिस्क दिसली आणि त्याने तिच्यावर लिहिलं, तर डेटा गेलाच म्हणून समजा. म्हणून स्टोरेजवर लन मास्किंगचं दुसरं कुलूपही हवंच.

खरी जोखीम चालू सिस्टिमवर असते. ‘सीएफजीसेव्ह’ने बदल फक्त साठवला जातो, लागू होतो ‘सीएफजीएनेबल’ने. आणि एनेबल केलेली कॉन्फिग जुन्या कॉन्फिगची जागा घेते. म्हणजे नव्या कॉन्फिगमध्ये तुम्ही फक्त तुमचा एक झोन टाकून ती एनेबल केलीत, तर त्या फॅब्रिकवरच्या बाकी सगळ्या सर्व्हरचा रस्ता बंद! म्हणून आधी ‘सीएफजीशो’ने चालू कॉन्फिगचं नाव बघा, ‘सीएफजीॲड’ने झोन तिच्यातच घाला, आणि त्याआधी ‘कॉन्फिगअपलोड’ने बॅकअप घ्या.

एक सवय मात्र लावूनच घ्या. आधी फक्त फॅब्रिक ए वर बदल करा. सर्व्हरवर मल्टिपाथ तपासा, सगळे पाथ दिसले की मगच बी ला हात लावा. ए वर काही बिघडलं तरी बी वरून काम चालू राहतं. दोन स्विचचे पैसे मोजले ते यासाठीच ना!

काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा. भेटू पुढच्या भागात!