शाळेआधीच मुरणारा पैसा

युगांडाच्या सरकारने 1990 च्या दशकात प्राथमिक शिक्षणाची तरतूद वाढवली, तरी शाळांचे हाल काही संपेनात. अखेर 1996 मध्ये 250 शाळांचे हिशेब तपासले गेले. 1991 ते 1995 दरम्यान दर विद्यार्थ्यामागे निघालेल्या अनुदानातले सरासरी जेमतेम 13 टक्के शाळेपर्यंत पोहोचले होते. बहुतेक शाळांना तर दमडीही मिळाली नव्हती. बाकीचे जिल्हा प्रशासनाच्या पातळीवरच मुरले. शाळेचा गाडा पालकांच्या वर्गणीवर चाले.

उपाय अगदी साधा. कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम धाडली, हे सरकार वर्तमानपत्रांत छापू लागले. शाळेच्या भिंतीवरही मिळालेल्या पैशाची नोटीस आली. आता मुख्याध्यापकांना आकडा दाखवून जाब विचारता येई. 2001 पर्यंत पोहोचणारा वाटा 80 टक्क्यांच्या घरात गेला.

सगळे श्रेय वर्तमानपत्रांना देऊ नये, हा अभ्यासकांचा आक्षेप रास्त आहे. 1997 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झाले, अनुदानाच्या पद्धतीही बदलल्या.

आपल्याकडे ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून पटानुसार संयुक्त शाळा अनुदान मिळते. इथले दुखणे निराळे: पैसे अनेकदा वर्ष सरताना येतात आणि मार्चअखेर खर्च दाखवायचा असतो. तोवर वीजबिल कोणी भरायचे? बऱ्याचदा शिक्षकच पदरमोड करतात.