मुलांची सावरण्याची शक्ती

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी हिवाळ्यात उभी राहते, ती काळ्या जमिनीने साठविलेल्या ओलीच्या बळावर. संकटातून सावरणाऱ्या मुलांचेही असेच असते. त्यांचा चिवटपणा हा केवळ जन्मजात गुण नव्हे. भोवतालच्या माणसांनी दिलेला आधार त्यामागे असतो.

हवाई बेटांपैकी कौआई येथे १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके अभ्यास केला. दारिद्र्य, गृहकलह, पालकांचे आजारपण अशा आपत्ती एकत्रितपणे वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले पुढे कर्तबगार व समंजस झाली. आजी-आजोबा, शिक्षक वा शेजारी यांपैकी निदान एका भरवशाच्या माणसाचा लळा हे त्यामागील एक प्रमुख कारण आढळले.

या निष्कर्षाचे महत्त्व ऊसतोडीच्या हंगामात विशेष जाणवते. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून मजूर कुटुंबे सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या परिसरात येतात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ मानला जातो. पहाटे आईवडील फडात गेले की कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम बहुधा थोरल्या बहिणीकडे येते. ती तक्रार करीत नाही, म्हणून तिचे कौतुक होते. परंतु सोसणे आणि सावरणे या भिन्न गोष्टी आहेत. गप्प राहणारे मूल मनातून खचलेलेही असू शकते.

अशा मुलांना शाळेचा आधार कायद्याने दिला आहे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ अन्वये ६ ते १४ वर्षांच्या शाळाबाह्य मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश व विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. वयाचा पुरावा नाही किंवा शाळेचा दाखला येण्यास विलंब झाला, या कारणास्तव प्रवेश नाकारता येत नाही.

तथापि, हजेरीपटावर नाव आले म्हणजे कार्य संपले असे नव्हे. पंचायत सदस्यांनी हंगामाच्या आरंभीच कोप्यांवर जाऊन मुलांची यादी मुख्याध्यापकांकडे द्यावी. धाकट्या भावंडाला अंगणवाडीत जागा मिळाल्यास थोरलीची शाळा चुकणार नाही. शिक्षकांनी मुलाला नावाने ओळखावे, ते गैरहजर राहिल्यास चौकशी करावी आणि ते गावी परतताना मूळ शाळेस कळवावे.

‘धीर धर’ असे मुलाला सांगण्यापूर्वी तो धीर त्याला कोण देणार, याची व्यवस्था गावाने करणे अगत्याचे आहे.