चूकभूल द्यावी घ्यावी

पिवळा दिवा लागला की पुण्यात दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, पाय ॲक्सिलरेटरवर दाबणारी आणि दुसरी, ब्रेकवर दाबणारी. मी स्वतःला नेहमी दुसऱ्या प्रकारात मोजत आलो. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसानं दुसरं करायचं तरी काय!

२०२५ च्या मार्गशीर्षातला गुरुवार होता. पूजेसाठी वेणी आणि पाच फळं घ्यायची म्हणून ही शेजारी बसली होती. कर्वे रस्त्यावर समोरचा दिवा पिवळा झाला, मी थांबलो आणि मागून 'धाड्' असा आवाज आला. पिशवीतली फळं पायाशी घरंगळली. इजा कोणालाच झाली नाही. मागच्या गाडीतून तिशीच्या आतला एक मुलगा उतरला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. आधी त्यानं स्वतःचं बॉनेट पाहिलं, मग माझी डिकी पाहिली आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "काका, पिवळ्याला कोण थांबतं?"

एवढ्यात चार माणसं जमली आणि न्यायनिवाडा सुरू झाला. रिक्षावाल्याचं मत असं, की मागून ठोकलं की चूक मागच्याची. त्यात बघायचं काय? हेल्मेट कोपराला अडकवलेला एक गृहस्थ म्हणाला, "पण काकांनी ब्रेक कचकन् मारला." बघ्यांत दोन तट पडले. शेवटी हवालदार आले. त्यांनी विचारलं, "कोणाला लागलंय का? नाही ना? दोघांचा इन्शुरन्स आहे ना? मग आपापला क्लेम करा आणि गाड्या बाजूला घ्या."

त्या एका वाक्यात मोटारविम्याचं सगळं सार आहे, हे कळायला मला पुढचे पंधरा दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीला फोन केला. पलीकडे एक मुलगी होती. मी तिला चौक, दिवा, अंतर, सगळं सांगितलं. मध्ये एकदाही न तोडता तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, चूक कोणाची हे आम्ही बघत नाही. तुमच्या गाडीचा क्लेम घेऊ. फक्त नो क्लेम बोनस जाईल."

"चूक माझी नसताना?"

"सर, बोनस नो क्लेमचा असतो. नो फॉल्टचा नसतो."

मुलगी हुशार होती. आमच्या शाखेत असती तर मी तिला कर्जविभाग दिला असता.

वाचकांपैकी अनेकांच्या दारात गाडी असेल आणि पॉलिसीचा कागद कपाटात असेल, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. या एका पॉलिसीत खरं तर दोन विमे असतात. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं काही नुकसान झालं तर त्याची भरपाई करणारा एक. तो १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा आहे. आपल्याच गाडीचं नुकसान भरून देणारा दुसरा, तो ऐच्छिक. या दुसऱ्यात चूक कोणाची हा प्रश्नच येत नाही. आपण स्वतः फाटकाच्या खांबावर गाडी घातली तरी पैसे मिळतात. मग माझ्या कंपनीनं मला पैसे देऊन ते त्या मुलाच्या कंपनीकडून वसूल का करू नयेत? तर कंपन्यांमध्ये यावर जुना समझोता आहे. त्याला 'नॉक फॉर नॉक' म्हणतात. ज्यानं त्यानं आपापल्या ग्राहकाची गाडी दुरुस्त करून द्यायची, एकमेकांच्या मागे लागायचं नाही. वर्षभरात इकडून तिकडे आणि तिकडून इकडे होऊन हिशेब साधारण फिटंफाट होतो. वकिलाचा खर्च वाचतो. हिशेबाच्या दृष्टीनं यात खोट काढता येत नाही. फक्त चौकात उभ्या राहिलेल्या दोन माणसांपैकी बरोबर कोण, हे सांगायला कोणी उरत नाही.

मी त्या मुलाच्या कंपनीलाही पत्र लिहिलं. उत्तर सभ्य होतं. आपला आमच्याशी करार नाही, आपण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकता. म्हणजे ज्या दारात जीव गमावलेल्यांची कुटुंबं आणि हातपाय गमावलेली माणसं वर्षानुवर्षं थांबलेली असतात, तिथे मी माझा बंपर घेऊन उभं राहायचं! विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यातच आहे, तेही मनात येऊन गेलं. पण तक्रार काय करणार? माझी कंपनी पैसे द्यायला तयारच होती.

मग बँकवाल्याच्या जुन्या सवयीनं कागद-पेन्सिल घेऊन बसलो. गॅरेजचं एस्टिमेट १४,८०० रुपयांचं. बंपर ५,२००, मागचा दिवा ३,६००, डिकीचा पत्रा ठोकून सरळ करणं २,००० आणि रंग ४,०००. प्लॅस्टिकच्या वस्तूंवर ५० टक्के घसारा. झाले वजा ४,४००. रंगाच्या सामानावरच्या घसाऱ्याचे ५००. प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायचे १,०००. हाती येणार ८,९००. आता दुसरी बाजू. पाच वर्षं क्लेम केला नाही की बोनस ५० टक्क्यांवर जातो आणि तो मी गाठला होता. क्लेम केला की पुढच्या वर्षी शून्य, मग २०, २५, ३५, ४५ आणि सहाव्या वर्षी पुन्हा ५०. पाच वर्षांत सगळं मिळून १२५ टक्के गेलं. सक्तीच्या विम्याला बोनस लागू नाही. स्वतःच्या गाडीच्या विम्याचा माझा मूळ हप्ता ७,२०० रुपये. तो तोच राहिला असं धरलं तर तोटा ९,००० रुपये. म्हणजे क्लेम करून मी बरोबर १०० रुपयांनी बुडत होतो.

इथे शहाण्या माणसानं कागद घडी करून ठेवला असता. पण मला १०० रुपयांचं काही नव्हतं. मला कोणीतरी कागदावर शिक्का मारून हवं होतं, की यात तुमची चूक नाही.

म्हणून क्लेम फॉर्म भरायला घेतला. 'अपघात कसा घडला?' या प्रश्नाखाली चार ओळींची जागा. कादंबरी लिहिणाऱ्याला चार ओळी म्हणजे शिक्षाच. मी स्वतंत्र दीड पान जोडलं. 'सिग्नल पिवळा झाल्यामुळे मी नियमानुसार वाहन थांबवले' हे वाक्य मला विशेष आवडलं होतं. हिला वाचून दाखवलं. ती वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "छान आहे. पण तुम्ही आधी गाडी दामटली होतीत."

"कधी?"

"पिवळा दिसल्यावर. मग काय वाटलं कोण जाणे, मध्येच ब्रेक दाबलात. माझ्या मांडीवरची पिशवी उगाच नाही पडली."

मी फॉर्म बाजूला ठेवला. रात्री झोप येईना, तेव्हा पॉलिसी काढून बारीक अक्षरातल्या अटी वाचत बसलो. दुसऱ्या क्रमांकाची अट २००२ च्या मोटार टॅरिफपासून अशीच चालत आली आहे. तिचा आशय असा, की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकानं आपली जबाबदारी कबूल करू नये, कसलं वचन देऊ नये, पैसे देऊ नयेत. कंपनीच्या बाजूनं ते रास्तच आहे. उद्या कोणी भिडेपोटी रस्त्यावर 'माझं चुकलं' म्हणेल आणि भुर्दंड कंपनीला पडेल. तरी ती अट मी दोनदा वाचली.

निकालही चाळले. १९८९ च्या रस्त्याच्या नियमावलीत दोन नियम शेजारी शेजारी होते. मागच्यानं पुरेसं अंतर ठेवावं आणि पुढच्यानं सुरक्षेचं कारण नसताना एकदम ब्रेक दाबू नये. रिक्षावाला आणि हेल्मेटवाला दोघेही कायद्याला धरूनच बोलत होते म्हणायचे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे कोइमतूरचं एक प्रकरण आलं होतं. हमरस्त्यावर एका मोटारवाल्यानं एकदम ब्रेक दाबला. सोबतच्या गरोदर पत्नीला मळमळलं, हे त्याचं कारण. मागचा मोटारसायकलवरचा तरुण गाडीवर आदळून पडला आणि पाठीमागून आलेल्या बसखाली त्याचा पाय गेला. न्यायालयानं चूक वाटून दिली. मोटारवाल्याची ५० टक्के, बसची ३० आणि पुरेसं अंतर न ठेवणाऱ्या त्या तरुणाची स्वतःची २०.

५०, ३०, २०. हे आकडे वाचताना मला १९९१ साल आठवलं. सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत मी अधिकारी होतो. एका बाजाराच्या दिवशी रोखीत १०,००० रुपये कमी भरले. शंभरच्या नोटांची एक गड्डी कोणाला तरी जास्त गेली होती. त्या दिवशी ऐन गर्दीत कुठल्याशा सहीसाठी मी कॅशियरला दोन मिनिटं माझ्या टेबलाशी बोलावलं होतं आणि तो गड्ड्या तशाच ठेवून उठून आला होता. अहवालाच्या नमुन्यात 'जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव' अशी एकच ओळ होती. मी एकच नाव लिहिलं. त्याच्या पगारातून दरमहा ५०० प्रमाणे वीस महिने वसुली झाली. तो कधी काही बोलला नाही. टेबलाशी बोलावल्याचा उल्लेखही त्यानं केला नाही. कदाचित त्याच्या लक्षात नसेल. माझ्या मात्र होता.

दोन दिवसांनी कंपनीला कळवलं, की क्लेम करायचा नाही. आणि मग त्या मुलाला फोन लावला. चौकात नंबर घेतला होता. तो सावधपणे "बोला काका" म्हणाला. मी त्याला सांगितलं, की मी आधी वेग वाढवला होता आणि मग ब्रेक दाबला. तुला वाटलं असणार की मी निघालो.

बराच वेळ काही आवाज आला नाही.

"काका, तुम्ही हे रेकॉर्ड तर करत नाही ना?"

"नाही रे बाबा."

"माझा क्लेम झाला. मी फॉर्मवर लिहिलंय, पुढचं वाहन विनाकारण थांबलं." मग थोडं थांबून, "तसं मी जरा जवळच होतो. आणि मोबाइलवर मॅप बघत होतो."

त्यानं पैशाचं विचारलं नाही, मीही काढलं नाही. बंपर आणि दिवा मी पदरच्या पैशानं बदलून घेतला. पत्रा आणि रंग राहू दिला. डिकी आता एका दमात लागत नाही. डाव्या कोपऱ्यावर तळहातानं एक थाप मारावी लागते. ती नेमकी कुठे मारायची, हे हिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.