कोट्यवधींची भाषाही धोक्यात?

धोक्यात आलेली भाषा म्हटले की दुर्गम भागातल्या मूठभर वृद्धांची बोली आपल्या डोळ्यांसमोर येते. पण कोट्यवधी लोकांची भाषाही धोक्यात येऊ शकते का? अ‍ॅबिगेल कोह्न आणि माया रवींद्रनाथ या भाषाशास्त्रज्ञांनी २०१४ साली हा प्रश्न इंडोनेशियातील जावानीज भाषेसंदर्भात मांडला.

कोह्न यांची सुरुवात ध्वनिशास्त्रातली. बोलताना नाकातून किती हवा वाहते हे मोजून त्यांनी जावा बेटावरच्या सुंदानी भाषेतील अनुनासिक स्वरांचा अभ्यास केला. हा प्रबंध १९९० सालचा. पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात इंडोनेशियन आणि जावानीजवर काम करताना त्यांनी आणखी एका प्रश्नाकडे लक्ष वळवले : घरात कोण कोणाशी कोणती भाषा बोलतो?

जावानीज भाषकांची संख्या ७-८ कोटी, म्हणजे जवळजवळ मराठीएवढी. तरीही १९२८ च्या युवक प्रतिज्ञेत राष्ट्राची भाषा म्हणून निवड झाली ती बंदरांतून व्यापारासाठी वापरल्या जाणाऱ्या मलयची. तीच 'बहासा इंडोनेशिया'. (यातला 'बहासा' म्हणजे आपला 'भाषा' हाच शब्द!) स्वातंत्र्यानंतर शाळा आणि कचेऱ्या तिच्यातून चालू लागल्या.

दुसरे कारण जावानीजच्या रचनेतच आहे. समोरची व्यक्ती कोण, यावर तिच्यातले शब्द बदलतात. बरोबरीच्या माणसाशी बोलताना घर म्हणजे 'ओमाह', तर आदराने बोलताना 'ग्रिया'. हा शब्द संस्कृत 'गृह'वरून आलेला. आदराची भाषा नीट येत नसेल, तर वडीलधाऱ्यांशी बोलताना उद्धटपणा होण्याची भीती. मग तरुण मंडळी सरळ इंडोनेशियनमध्ये बोलतात. शाळेत सोपे जावे म्हणून अनेक आईबापही मुलांशी तीच बोलतात.

म्हणून भाषेचे आरोग्य केवळ शिरगणतीतून कळत नाही. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी २००३ साली नऊ निकष सुचवले. भाषकांची संख्या त्यांपैकी एक. पण भाषा पुढच्या पिढीकडे जाते का, हा त्याहून वेगळा आणि कळीचा निकष. आज मुलांशी बोलली न गेलेली भाषा आणखी दोन पिढ्यांनी कोण बोलणार?

हा निकष आपल्याला वर्गातही वापरता येईल. आजी-आजोबा आपसांत, आईवडील मुलांशी आणि भावंडे एकमेकांशी कोणती भाषा बोलतात, याचा तक्ता प्रत्येक विद्यार्थ्याने करावा. अहिराणी, गोंडी, कोरकू किंवा मराठी, घरची भाषा कोणत्या रकान्यात थांबते, ते आपल्याला तिथेच दिसेल.