जुनी जीप नाक्यावर बंद का पडते?

बाजारच्या दिवशी भाजीने भरलेली जुनी पेट्रोल जीप रस्त्याने नीट धावते; नाक्यावर वेग कमी होताच मात्र इंजिन थरथरते व बंद पडते. अशा वेळी पुष्कळजण प्रथम कार्बुरेटरचा स्क्रू फिरवितात. त्यामुळे मूळ दोष तसाच राहून दुसरा निर्माण होतो.

गरम इंजिन मंद गतीने चालू ठेवून चोक किंचित ओढावा. इंजिन सावरले, तर त्यास हवा अधिक व पेट्रोल कमी मिळत आहे असे समजावे. मग कार्बुरेटरखालचे गॅस्केट व रबरी नळ्या तपासाव्यात. तेथून हवा शिरत नसेल, तर मंद गतीचा बारीक जेट बुजलेला असण्याचा संभव असतो. तो हवेच्या झोताने साफ करावा. तार घातल्यास छिद्र मोठे होते. चोकने काहीच फरक न पडल्यास प्लग व पॉइंट पाहावेत.

२०२५ साली पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. ऊस उत्पादकांस ते लाभदायक खरे, परंतु इथेनॉल पाणी शोषून घेते व जुन्या रबरास मानवत नाही. म्हणून कित्येक महिने उभ्या असलेल्या गाडीच्या कार्बुरेटरचे भांडे आधी रिकामे करून तळाशी पाणी आहे काय ते पाहावे. हे काम इंजिन थंड झाल्यावर, विडीकाडीपासून दूर करावे.