टॉवरवरची थाळी आणि जमिनीतला खड्डा

(इयत्ता चौथी)

आपल्या गावाच्या माळावर मोबाइलचा टॉवर आहे. त्याच्यावर पांढऱ्या गोल थाळ्या आहेत. त्या ढोलासारख्या दिसतात म्हणून आम्ही मुलं त्यांना ढोलच म्हणतो. त्या कशासाठी असतात, कशा बसवतात आणि वीज पडली तर काय होते, हे मी या लेखात सांगणार आहे. काही माहिती गुरुजींनी दिली. काही मी टॉवरच्या देखरेखीला येणाऱ्या काकांना विचारली. ते काका पार शेंड्यापर्यंत चढतात. मला तर नुसते खालून बघून गरगरते.

पुष्कळांना वाटते की आपला फोन त्या गोल थाळीशी बोलतो. तसे नाही. फोनशी बोलतात त्या उभ्या, लांबट पेट्या. गोल थाळी बोलते ती दुसऱ्या गावच्या टॉवरवरच्या थाळीशी. असे थाळीकडून थाळीकडे करत करत आपले बोलणे पुढे जाते. मध्ये तार नसते. ज्या लहरींवरून ते जाते त्यांना सूक्ष्मलहरी म्हणतात. काका मायक्रोवेव्ह म्हणतात. आपल्या टॉवरवरच्या लहरीची लांबी सुमारे २ सेंटिमीटर आहे.

या लहरी सरळ रेषेत जातात. वाटेत डोंगर आला की संपले. आणि आपल्या नाशिक जिल्ह्यात डोंगर काय थोडे आहेत? सातमाळा आहे, सेलबारी आहे, त्र्यंबकचा डोंगर आहे. म्हणून थाळी उंचावर लागते. आपला टॉवर ४० मीटर आहे. मुंबईला वरळीचा दूरदर्शनचा मनोरा ३०० मीटर आहे. मुंबईचे दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. पुढच्या वर्षी, १९७३ मध्ये, ते पुण्याला दिसावे म्हणून सिंहगडावर मनोरा आला. गड आधीच उंच, त्यामुळे अर्धे काम डोंगरानेच केले.

आता थाळी बसवायची कशी? टॉवरच्या पायाला एक जाड लोखंडी नळा घट्ट बांधतात. त्या नळ्याला इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवलेल्या बोल्टांनी थाळी कसतात. नट एकावर एक दोन लावतात, म्हणजे हलून हलून सैल होत नाहीत. शिवाय थाळीच्या कडेपासून टॉवरपर्यंत एक आडवा दांडा देतात. तो कशाला, असे मी विचारले. काका म्हणाले, थाळी पडण्यापेक्षा ती फिरण्याची भीती जास्त असते. सव्वा मीटरच्या थाळीतून निघणारा झोत जेमतेम एक अंश रुंद असतो. थाळी एक अंश जरी वाकडी झाली, तरी २० किलोमीटरवर झोत ३५० मीटर बाजूला जातो. म्हणजे समोरच्या गावचा टॉवर सोडून कोणाच्या तरी द्राक्षबागेत! वरती पोचलेला माणूस म्हणूनच थाळी केसाकेसाने सरकवतो आणि सर्वात चांगला आवाज लागला की तिथेच कसतो.

फिरवतो कोण? वारा. बांधकामाच्या भारतीय नियमात नाशिकसाठी वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, म्हणजे तासाला १४० किलोमीटर. एवढा वारा सुटला तर सव्वा मीटरच्या थाळीवर शंभर किलोच्या वर भार येतो. म्हणजे बाजरीचे एक पोते आडवे येऊन ढकलते. आणि थाळी दुप्पट रुंद केली तर दोन पोती नाही, चार पोती! कारण रुंदी आणि उंची दोन्ही दुप्पट होतात. हे गणित मी पाटीवर चौकोन काढून करून पाहिले, बरोबर आले.

मग खूप मोठी थाळी कशी उभी राहते? त्यासाठी पुणे रस्त्याला नारायणगावजवळ खोडदला जावे लागते. तिथे ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकायची दुर्बीण आहे. तिच्या थाळ्या ३० आणि प्रत्येक थाळी ४५ मीटर रुंद. म्हणजे आपला टॉवर आडवा ठेवला तर एका थाळीत मावेल. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. त्यांनी थाळी पत्र्याची केलीच नाही. पोलादी दोर ताणून त्यावर बारीक तारेची जाळी बसवली. तिथल्या लहरी आपल्यापेक्षा खूप लांब असतात, त्यांना जाळी पत्र्यासारखीच लागते. वारा मात्र भोकांतून निघून जातो. वारा फारच वाढला तर थाळ्यांचे तोंड आकाशाकडे करून ठेवतात. आणखी एक गंमत आहे. आपल्या टॉवरला उंची पाहिजे, पण ती दुर्बीण मुद्दाम डोंगरांच्या मधल्या सखल जागी बांधली, कारण तिला शहरातला गोंगाट नको. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, ती लोकांना बघू देतात. आमच्या वर्गाची सहल तिकडे न्यावी असे मी सुचवतो.

आता विजेचे. आपल्या गावात काही जण म्हणतात की टॉवरमुळे वीज पडते, टॉवर नसता तर बरे झाले असते. हे अर्धेच खरे आहे. उंच असल्यामुळे टॉवरवर वीज जास्त वेळा पडते. पण टॉवर लांबचे ढग ओढून आणत नाही. आणि सगळ्या गावाला तो वाचवतही नाही. फार तर त्याच्या उंचीइतक्या अंतरापर्यंत त्याचा उपयोग. आपल्या वाड्या तर त्याहून लांब आहेत.

टॉवरच्या शेंड्यावर एक टोकदार सळई असते. ती थाळ्यांपेक्षा उंच ठेवतात, म्हणजे वीज आधी तिला भेटते. सळईपासून पट्टी खाली येते ती जमिनीत जाते. ही पट्टी सरळ उतरवतात. काटकोनात वाकवत नाहीत, कारण विजेला वळण घेणे जमत नाही, ती वळणावरून बाहेर उडी मारते. थाळीची केबलही वर आणि खाली टॉवरला जोडतात, आणि खोलीत शिरण्याआधी पुन्हा एकदा अर्थिंगला जोडतात. तिथे केबलला खाली एक झोळ देतात. तो पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून, त्याचा विजेशी संबंध नाही.

जमिनीत खड्डा घेऊन त्यात लांब नळी उभी करतात. भोवती कोळसा आणि मीठ भरतात. मीठ कशाला? ओल धरायला, आणि खाऱ्या ओलीतून वीज सहज जाते. काळ्या मातीत हे काम सोपे आहे. पण आपल्याकडे वीतभर माती, मग मुरूम, मग काळा कातळ. कातळ विजेला जाऊच देत नाही. अशा ठिकाणी एक खड्डा पुरत नाही. चार बाजूंना चर खणून लांब लांब पट्ट्या पुरतात आणि खड्ड्यांत उन्हाळ्यात पाणी घालतात.

तरी एवढ्याने भागत नाही. पडणारी वीज साधारण ३०,००० अँपिअरची असते. घरातल्या मोठ्या प्लगला १६ अँपिअर चालतात. जमिनीचा अडथळा, म्हणजे रोध, १० ओहम धरला तर ३०,००० गुणिले १० म्हणजे ३,००,००० व्होल्ट झाले. घरात २३० असतात. तो अडथळा १ ओहमवर आणला तरी ३०,००० व्होल्ट उरतातच. म्हणून टॉवर, खोली, यंत्रे, कुंपण या सगळ्यांचे अर्थिंग जमिनीखाली एकमेकांना जोडतात. गोदावरीला पूर आला की नाव पाण्याबरोबर वर चढते आणि आतला तांब्यासुद्धा सांडत नाही. पण तीच नाव काठाच्या खुंटीला आखूड दोराने बांधली तर दोर तुटतो नाहीतर नाव बुडते. वेगळे अर्थिंग असलेले यंत्र त्या बांधलेल्या नावेसारखे असते.

मोठ्या माणसांनी पुढचे नीट वाचावे. मागच्या वैशाखात टॉवरची तांब्याची पट्टी कोणीतरी भंगारात विकायला कापून नेली. काकांना पंधरा दिवसांनी समजले. पंधरा दिवस विजेचा रस्ता मध्येच तुटलेला होता, आणि त्या कुंपणाला आपल्यातले लोक शेळ्या बांधत होते. तेव्हा वळवाचा पाऊस झाला असता तर? पट्टी धड असली तरी वीज पडताना टॉवरजवळच्या जमिनीत जागोजागी व्होल्ट वेगळे असतात. एका पायाखाली जास्त, दुसऱ्या पायाखाली कमी. माणसाचे दोन पाय जवळजवळ ठेवता येतात. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय लांब असतात आणि वीज पोटातून, काळजातून जाते. म्हणून झाडाखाली माणसाच्या आधी जनावरे मरतात. हे आमच्या आप्पांना माहीत होते, पण कारण माहीत नव्हते. मी सांगितल्यावर त्यांनी शेळ्या तिथून हलवल्या. बाकीच्यांच्या अजून तिथेच आहेत.

आपल्या शाळेवरही तशी सळई आहे आणि व्हरांड्याच्या मागे तिचा खड्डा आहे. झाकण उघडून गुरुजींनी दाखवला, आत माती कोरडी ठक्क होती. आता आभाळ स्वच्छ असेल त्या दिवशी त्यात दोन बादल्या पाणी घालायचे ठरले आहे. शनिवारी चौथीची पाळी.